काजळी पुसण्याआधी वाचा

गॅरेजमध्ये इंजिनाचं हेड उतरवलं की गाडीमालकाची नजर आधी काळ्याकुट्ट व्हॉल्व्हवर जाते. ‘हे सगळं घासून चकाचक करून द्या,’ तो सांगून मोकळा होतो. जाणता मिस्त्री मात्र लगेच ब्रश उचलत नाही. तो व्हॉल्व्ह ओळीनं मांडतो आणि नुसता बघत बसतो. कंदिलाची काच काळी पडली की जुनी माणसं आधी वात बघायची. त्यातलाच हा प्रकार.

प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. इनटेक व्हॉल्व्ह हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह धूर बाहेर सोडतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा मिटतो. त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं ७००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. ही उष्णता बाहेर पडण्याची मुख्य वाट म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती सीट. तिथे कार्बनची खपली अडकली की कॉम्प्रेशन गळतं आणि उष्णतेची वाटही अडते. मग कडा जळू लागते.

काळ्या रंगाची भाषा

इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर जाड, ओलसर, तेलकट थर असेल, तर ऑइल वरून झिरपतंय. व्हॉल्व्ह गाइड झिजलं आहे किंवा ऑइल सील कडक झालं आहे. सगळ्याच सिलिंडरमध्ये कोरडी, मखमली काजळी असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त पडतंय. एअर फिल्टर, चोक, कार्बोरेटर तपासावा. एकाच सिलिंडरमध्ये तेलकट काळोख असेल, तर त्याच्या रिंगांकडे बघावं. एक्झॉस्टच्या कडेवर एखादा फिकट पट्टा दिसला, तर तिथून आग निसटते आहे. घासल्यावर हा सगळा पुरावा नाहीसा होतो, म्हणून आधी बघायचं आणि टिपून ठेवायचं.

घासणं आणि घोटणं

प्रत्येक व्हॉल्व्हची आपल्या सीटशी जोडी जमलेली असते. त्यामुळे पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर टाकून व्हॉल्व्ह त्याच क्रमानं खोचून ठेवावेत. मग रॉकेलमध्ये किंवा कार्बन काढायच्या द्रावणात ते रात्रभर भिजत ठेवावेत. पेट्रोल वापरू नये, एका ठिणगीनं गॅरेज पेटेल. कॉस्टिक सोडाही जपून. अ‍ॅल्युमिनियमचं हेड त्यात टाकलं तर सोडा ते खाऊन टाकतो. मऊ झालेला थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचा, उरलेला तारेच्या ब्रशनं काढायचा. कोरडी काजळी घासताना तोंडावर मास्क हवा. व्हॉल्व्हची दांडी आणि सीटवर टेकणारा तिरका काठ यांना पॉलिशपेपर लावायचा नाही.

त्यानंतर घोटाई. व्हॉल्व्हच्या काठाला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, चोषकाची काठी डोक्याला चिकटवायची आणि ताक घुसळताना रवी फिरते तशी ती दोन्ही तळव्यांत फिरवायची, मधूनमधून उचलून जागा बदलायची. आधी जाड पेस्ट, मग बारीक. काठावर आणि सीटवर अखंड, एकसारखा राखाडी गोल दिसला की थांबायचं. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये, कारण तो गाइड खातो. खात्रीसाठी व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओतायचं. पलीकडे ओल आली, तर काम अपुरं. काठ जळलेला किंवा पातळ झालेला असेल, तर घोटत बसण्यापेक्षा व्हॉल्व्ह बदलावा.

घोटाईत आणखी एक गोष्ट होते: व्हॉल्व्ह सीटमध्ये किंचित खोल बसतो, त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटची फट कमी होते. ती फीलर गेजनं पुन्हा लावली नाही, तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि नव्यानं घासलेलं काम काही महिन्यांत जळतं.

नव्या गाड्यांचं काय?

नव्या गाड्यांनाही काजळी चुकलेली नाही. एमपीएफआय इंजिनात पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो, त्यामुळे ती आपोआप धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. पाठ कोरडीच राहते आणि क्रँककेसमधून येणाऱ्या तेलकट वाफा तिथे साचत जातात. पेट्रोलमध्ये ओतायचं औषध त्या पाठीपर्यंत पोचतच नाही. तिथे इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारतात. थर निघतो आणि धातूला ओरखडा येत नाही.

हेड उतरवण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून तो एकदाच करावा. बिलात ‘व्हॉल्व्ह साफ केले’ एवढंच लिहिलेलं असेल, तर मिस्त्रीला विचारा: ऑइल सील नवीन टाकलीत का, गाइडचा खेळ तपासलात का, टॅपेट लावलेत का? यातलं एकही उत्तर ‘नाही’ असेल, तर काजळी पुन्हा धरणार आणि हेड पुन्हा उतरणार.