सांडपाण्यावरचे पट्टेरी गवत

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळू लागले, की लोक मुलाबाळांसह ते पाहायला जातात. घरी परतताना वाटते, आपल्याही दारात थोडे पाणी असावे, त्यात काही हिरवे डुलावे. पण धाराशिव जिल्ह्यात पाण्याची हौस करायची तर मन कचरते. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून आज एक स्वस्त उपाय सांगतो: भाज्या धुतलेल्या पाण्यावर वाढणारे पट्टेरी गवत.

यासाठी नळ चांगला. पाण्याचा नळ नव्हे. ओढ्याकाठी उसासारखा वाढणारा. त्याचा पांढऱ्या पट्ट्यांचा प्रकार शोभेसाठी लावतात. जागा कमी असेल तर पट्टेरी वेखंड लावा. ते खरे गवत नव्हे, पण पाती तशीच दिसतात.

भोके असलेल्या कुंडीत काळी माती भरून रोप लावा, वर खडी पसरा आणि कुंडी बिनभोकाच्या टबात ठेवा. पाणी मातीच्या पातळीपर्यंत पुरे. साबणाचे किंवा मिठाचे पाणी घालू नका. पात्यांची टोके करपतात. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टब रिकामा करून घासा आणि ते पाणी झाडांना घाला.

पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य नसते. अन्न तयार करतो तो हिरवा भाग. म्हणून वाढ सावकाश होते आणि कोवळी पाने कडक उन्हात करपतात. सकाळचे ऊन, दुपारची सावली अशी जागा निवडा. मधूनच अगदी हिरवा कोंब फुटला तर तो मुळाशी कापा. तो जोमाने वाढून पट्टेरी कोंबांना मागे टाकतो. नवी रोपे पावसाच्या सुरुवातीला गड्डे फोडूनच करा.

उरलेल्या कांड्या मात्र ओढ्यात टाकू नका. त्या रुजतात आणि पात्र अडवतात.

मे महिन्यात टबातून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जाते. तेवढेही नसेल, तर टब उचलून ठेवा आणि नळाच्या मुळाशी फक्त ओल राखा. त्याचे गड्डे तग धरतात आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतात. पिण्याच्या पाण्यातला एक तांब्याही त्यासाठी खर्चू नका.