खानदेशातील हरित आडोसा: नगरनियमांचा एक मागोवा

रस्त्याची धूळ, कचऱ्याची दुर्गंधी, कारखान्याचा धूर आणि उघड्या माळावरून येणारा तप्त वारा यांच्यापासून वस्ती राखण्यासाठी झाडे, झुडपे व वेली यांची जी दाट, थरांनी रचलेली पट्टी लावली जाते, तिला ‘हरित आडोसा’ म्हणता येईल. शोभेची बाग पाहण्यासाठी असते, आडोसा काम करण्यासाठी असतो. हा भेद खानदेशातील शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागला नाही. लागवडीचा हंगाम मृगबागेचा असो वा कांदेबागेचा, जळगाव जिल्ह्यातील केळीच्या मळ्याभोवती शेवरीची दाट ओळ उभी करून उन्हाळ्यातील झळा आणि हिवाळ्यातील गार वारे अडवण्याची रीत तेथे रुळलेली आहे, आणि शेर, घायपात, मेंदी यांच्या वया, म्हणजे जिवंत कुंपणे, बांधावर पिढ्यानपिढ्या दिसत आल्या आहेत. जळगाव आणि धुळे या शहरांच्या नियमांत मात्र या शहाणपणाला फार उशिरा, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी, जागा मिळाली.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि जुन्या वस्तीला लागून सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली गेली. पुढे 1862 मध्ये धुळ्यात आणि 1864 मध्ये जळगावात नगरपालिका आल्या. पाणी, सफाई आणि दिवाबत्ती ही त्या काळातील नगरपालिकांची मुख्य चिंता होती. झाड म्हणजे वाटसरूची सावली, एवढाच त्याचा अर्थ कारभाराला ठाऊक होता. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी फारशी पालटली नाही, कारण ज्या 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाखाली ही दोन्ही शहरे 2003 मध्ये महानगरपालिका झाली, त्यातही रस्त्याकडेला झाडे लावणे व राखणे हे ऐच्छिक कर्तव्यांत, म्हणजे पैसा आणि इच्छा असेल तर करावयाच्या कामांत, मोडत होते.

खरे वळण आले ते 1975 मध्ये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने प्रत्येक नागरी संस्थेसाठी वृक्ष प्राधिकरण नावाची समिती कल्पिली आणि तिच्यावर केवळ तोडीच्या अर्जांचा निर्णय सोपवला नाही, तर वृक्षगणना, रोपवाटिका आणि कोणत्या भागात, कोणत्या प्रकारच्या जमिनीवर व आवारात किती आणि कोणत्या जातीची झाडे असावीत याची मानके ठरवणे हीही कामे सोपवली. या शेवटच्या तरतुदीचे मोल फार मोठे आहे. दवाखान्याचे आवार, शाळेचे मैदान, बाजार समितीचा तळ आणि औद्योगिक वसाहतीची हद्द यांना एकच यादी लागू पडत नाही, हे तिने पन्नास वर्षांपूर्वी ओळखले होते. तरीही लोकांच्या मनात प्राधिकरण राहिले ते तोडीची परवानगी देणारे कार्यालय म्हणूनच, आणि अधिनियमाचा हा सर्वांत सर्जनशील भाग मागे पडला.

बांधकाम नियमांची कथा याहून बोलकी आहे. कुंपणभिंत रस्त्याच्या मध्यरेषेपासून जास्तीत जास्त दीड मीटर उंच असावी, वरचा 0.9 मीटर भाग जाळीदार ठेवल्यास ती 2.4 मीटरपर्यंत नेता यावी, असा बारकावा राष्ट्रीय बांधकाम संहितेने भिंतीसाठी सांगितला आहे. वईची उंची, रुंदी आणि दाटी यांना तसा बारकावा लाभला नाही. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीने 0.4 हेक्टर व त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवण्याची अट घातली, पण मोकळी जागा म्हणजे आडोसा नव्हे. वाऱ्याच्या बाबतीत तर भिंत वईची बरोबरी करू शकत नाही, कारण भरीव भिंतीवर आपटलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली उतरतो, तर काही वारा आरपार जाऊ देणारी झाडांची ओळ त्याचा वेग मोडते आणि आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत सहज संरक्षण देते. आवाजाला मात्र एकेरी ओळ पुरत नाही, त्यासाठी रुंद पट्टा लागतो.

2000 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरितपट्ट्यांची मार्गदर्शिका काढली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी कचराभूमीला तारेचे किंवा वईचे कुंपण बंधनकारक केले, आणि पर्यावरण मंजुरी घेणाऱ्या उद्योगांना सामान्यतः 33 टक्के क्षेत्रावर हरितपट्ट्याची अट पडू लागली. संख्या आली, परंतु जातीचा विचार दुबळाच राहिला. 1982 मध्ये सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाल्यानंतरच्या काळात सुबाभूळ आणि निलगिरी यांचा जोर होता; 2017 ते 2019 या तीन वर्षांत राज्याने अनुक्रमे 4, 13 आणि 33 कोटी रोपांची उद्दिष्टे ठेवली; 1975 च्या वृक्ष अधिनियमातील 2021 च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचा दंडक घातला. साठ वर्षांच्या निंबाबदली साठ रोपे हा हिशेब न्याय्य वाटतो, पण ती कोठे, कोणत्या ओळीत आणि कोणाच्या पाण्यावर जगणार, हे त्यात येत नाही. शेजारच्या गुजरातने शोभेसाठी सर्रास लावलेल्या कोनोकार्पसची लागवड 2023 मध्ये थांबवली, तो धडा खानदेशानेही घ्यायला हवा.

या प्रदेशाला साजणारी मांडणी अवघड नाही: मागे निंब, करंज, शिरीष, मध्ये बोर आणि अडुळसा, पुढे मेंदीची वई. शेर चिवट असला तरी त्याचा चीक डोळ्यांना घातक असल्यामुळे शाळेजवळ तो लावू नये. पहिले तीन उन्हाळे पाण्याची व राखणीची हमी असल्याखेरीज अशी मांडणी कागदावर मंजूरही होऊ नये. जागेगणिक झाडांची संख्या आणि जात ठरवण्याचा 1975 चा अधिकार जळगाव व धुळे या दोन्ही महानगरपालिकांच्या वृक्ष प्राधिकरणांकडे आजही आहे, आणि तो वापरण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.