लाचेचा दंड आणि नीतीचं संशोधन

सीमेन्स कंपनीच्या जर्मनीतल्या कार्यालयांत एके काळी रोख रकमेच्या खिडक्या होत्या. रिकामी बॅग घेऊन जायचं, एका वेळी दहा लाख युरोपर्यंतच्या नोटा भरून आणायच्या. परदेशी कंत्राटांसाठी लाच द्यायची ही रुळलेली सोय होती. जर्मनीच्या करकायद्यात १९९९पर्यंत अशी लाच धंद्याचा खर्च म्हणून वजाही करता येत असे! नोव्हेंबर २००६मध्ये म्युनिकला छापे पडले आणि डिसेंबर २००८पर्यंत अमेरिका व जर्मनी मिळून १.६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कंपनीकडून वसूल झाली.

खरी गोष्ट त्यानंतरची. मॉस्कोतल्या एका शहरी वाहतूक प्रकल्पात सीमेन्सच्या रशियन उपकंपनीने केलेले गैरप्रकार जागतिक बँकेने धरले. जुलै २००९च्या तडजोडीत कंपनीने १५ वर्षांत १० कोटी डॉलर भ्रष्टाचारविरोधी कामाला द्यायचं कबूल केलं. त्या निधीतून स्वयंसेवी संस्था आणि विद्यापीठं व्यवसायनीतीचे अभ्यास, अभ्यासक्रम करू लागली. म्हणजे लाच देणाऱ्याच्या पैशावर लाचेचा अभ्यास. मला यात पैशाच्या सोवळ्या-ओवळ्यापेक्षा करारातलं एक कलम महत्त्वाचं वाटतं: निधी कुणाला मिळावा यावर जागतिक बँकेला नकाराधिकार होता आणि हिशेब तपासण्याचाही हक्क होता. देणारा एक, लगाम दुसऱ्याच्या हाती.

तरी डाग राहिलाच. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेने या निधीतून ३० लाख डॉलर घेतले, तेव्हा तिच्यावर टीका झाली. मला ती रास्त वाटते. कंपन्यांची वर्तणूक जोखणाऱ्या संस्थेला जोखल्या जाणाऱ्याचा पैसा जड जातोच, कलम कितीही चोख असो.

यॉर्कचे चॉकलेट कारखानदार जोसेफ राउंट्री यांनी १९०४मध्येच निधीचं स्वातंत्र्य राखण्याची वेगळी वाट काढली होती. धर्मादाय संस्थेला राजकीय काम करायला इंग्लंडचा कायदा आडवा येतो, हे ओळखून त्यांनी दोन धर्मादाय न्यासांच्या जोडीला तिसरी संस्था धर्मादाय नसलेली काढली. ती कर भरते आणि त्या बदल्यात राजकीय सुधारणांसाठी मोकळेपणी पैसा देते. सवलत सोडून स्वातंत्र्य विकत घेण्याचा हा हिशेब आपल्याकडच्या न्यासांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

आपल्याकडे २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. हा खर्च कोणत्या कामांवर करता येतो ते सांगणाऱ्या त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत संशोधनाला जागा आहे, पण ती विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यकाला. व्यवसायनीतीचं नाव तिथे नाही. ‘शिक्षण’ या सदरात ते बसवता येईलही, पण पैसा कशावर जावा हे सुचवणारी समिती कंपनीच्याच संचालकांची असते. तिच्यात सर्वसाधारणपणे किमान एक संचालक स्वतंत्र असावा, एवढीच कायद्याची अट.