विश्लेषण : मोडकी रेसिंग कार पिटपर्यंत रेटायची की बाजूला थांबवायची?

तीन चाकांवर गाडी रेटत पिटपर्यंत आणणारा चालक फॉर्म्युला वनमध्ये एकेकाळी नायक ठरत असे. आता त्याला शिक्षा होऊ शकते.

माँट्रियलमध्ये काय घडले?

९ जून २०२४. कॅनडाच्या शर्यतीत रेड बुलचा सर्जिओ पेरेझ भिंतीवर आदळला. मागचा विंग मोडला. तरीही कार्बन फायबरचे तुकडे ट्रॅकवर सांडत त्याने गाडी पिटपर्यंत नेली. तसे सांगणारा त्याचा संघच होता. गाडी ट्रॅकवर थांबली असती तर सेफ्टी कार येऊन आघाडीवरच्या मॅक्स व्हर्स्टापेनचे अंतर पुसले जाण्याची भीती होती. संघाने पंचांपुढे हे मान्यही केले. रेड बुलला २५ हजार युरो दंड झाला. पेरेझला स्पेनच्या शर्यतीत तीन स्थाने मागून सुरुवात करावी लागली. गंमत म्हणजे दुसऱ्या अपघातामुळे सेफ्टी कार लगेच आलीच आणि जिंकला तो व्हर्स्टापेनच!

या ट्रॅकला नाव आहे जिल व्हिलनव्हचे. १९७९ मध्ये झांडव्होर्टला टायर फुटल्यावर मोडके चाक फरफटत त्याने जवळपास पूर्ण फेरी मारली होती. त्याचे कौतुक आजही होते.

धोका कुणाला?

मागून येणाऱ्याला. जुलै २००९ मध्ये ब्रँड्स हॅचला दुसऱ्या गाडीचे निखळलेले चाक डोक्यावर आदळून १८ वर्षांचा हेन्री सर्टीस गेला. त्याच आठवड्यात हंगेरीत रुबेन्स बॅरिकेलोच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर बसली. तो वाचला, पण उरलेला हंगाम मुकला.

मग लगेच थांबावे का?

तेही कुठेही नाही. २०१४ मध्ये सुझुकाला घसरून ट्रॅकबाहेर गेलेली गाडी उचलणाऱ्या क्रेनवर ज्यूल्स बियांकी आदळला आणि पुढल्या वर्षी त्याचे निधन झाले. पुढचा विंग तुटला असेल, तर सावकाश पिटमध्ये येऊन नवा बसवणे रास्तच आहे. खरा प्रश्न ठरवायचे कुणी, हा. चालकाला स्वतःच्या गाडीची मागची बाजू नीट दिसत नाही आणि संघाचा डोळा गुणांवर असतो. म्हणून २०२५ पासून नियम कडक झाला : गाडीच्या मुख्य भागाची उघड मोडतोड होऊन तत्काळ धोका असेल, तर चालकाने सुरक्षित जागा मिळताच ट्रॅक सोडायचा. तसा आदेश रेस डायरेक्टर देऊ शकतो. हा निर्णय संघाच्या हातून काढून घेतला, हे योग्यच झाले.

रस्त्यावर हाच प्रश्न आला तर?

वलगाव-अमरावती रस्त्यावर रेस डायरेक्टर नसतो. हवा गेलेल्या टायरवर ‘अमरावतीपर्यंत तर जाईल’ म्हणत गाडी दामटली, की टायरची बाजू चिरडते, रिम रस्त्याला टेकते आणि स्टिअरिंग ओढू लागते. स्टेपनी बदलावी. ब्रेक किंवा स्टिअरिंग गेले असेल, तर टोचन लावून ओढण्यापेक्षा क्रेन बोलवावी. धोकादायक बिघाड माहीत असूनही गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. त्यातून अपघात होऊन कुणी जखमी झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.