वाळू चाळणी मशीन घेताय? आधी ब्रासचा हिशोब करा

वाळू चाळायच्या मशीनचं काम सोपं आहे. जाळीचा गोल ड्रम थोडा उतरता बसवलेला असतो, मोटर तो फिरवते. वरच्या तोंडातून वाळू टाकली की बारीक वाळू जाळीतून खाली पडते आणि खडे-गोटे पुढच्या तोंडातून बाहेर येतात.

जाळी कोणती? भारतीय मानक 383 नुसार वाळू आणि खडी यांच्यातली सीमा 4.75 मि.मी.ची चाळणी. गिलाव्यासाठी त्याहून बारीक जाळी लागते. म्हणून जाळी बदलता येईल असंच मशीन बघा.

आता पैशाचं बोलू. समजा हप्ता, मजुरी, वीज, जाळी मिळून महिन्याला 30,000 रुपये खर्च आहे आणि चाळणीचा दर ब्रासला 300 रुपये. म्हणजे पहिले 100 ब्रास फक्त खर्चात गेले! 25 दिवस काम धरलं तरी रोज 4 ब्रास हवेत. त्यापुढचं ते तुमचं.

पण ओली वाळू जाळीत अडकते, चांगला माल खड्यांसोबत बाहेर जातो. पावसाळ्यात काम थांबतं, हप्ता थांबत नाही. म्हणून वाळू कोरडी ठेवायला शेड हवीच.

आणि वाहतूक पास नसलेली वाळू चाळायला घेऊच नका. महाराष्ट्रात महसूल खातं अशा वाळूसोबत मशीनही जप्त करू शकतं.

तेव्हा आधी आपल्या भागातल्या ठेकेदारांना भेटा, महिन्याला किती ब्रास देणार ते विचारा. कोटेशन त्यानंतर!