हरलेल्या डावांचा धनी
अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या विटीदांडूचा आणि क्रिकेटचा तो दूरचा भाऊबंदच म्हणा ना! त्या खेळात चेंडू फेकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात आणि त्याच्यामागे एक विलक्षण जमाखर्च लागलेला असतो. सामना जिंकला तर विजय एका पिचरच्या नावे जमा, हरला तर पराभवही एकाच्याच नावे खर्ची! फलंदाजांनी माती खाल्ली तरी पावती फाटायची ती याच्याच नावाने.

आता गंमत पाहा. त्या खेळात सर्वांत जास्त पराभव कोणाच्या नावावर आहेत? साय यंगच्या! तीनशेहून अधिक सामने हा गृहस्थ हरला. पण ५११ जिंकलाही, आणि हाही विक्रमच. त्याच्या नावाने १९५६ पासून उत्कृष्ट पिचरला पारितोषिक देतात. वॉल्टर जॉन्सनचे पराभव २७९, नोलन रायनचे २९२. दोघेही त्या खेळातले महारथी. कारण उघड आहे. लेचापेचा माणूस दहा-वीस सामने हरला की घरी बसतो. तीनशे वेळा हरायचे तर वीस-बावीस वर्षे संघाने चेंडू विश्वासाने हाती द्यावा लागतो.

साय यंग निवृत्त झाला १९११ साली. त्याच वर्षी आपल्या पुण्यात घडलेला एक डावखुरा गोलंदाज विलायतेत चेंडू टाकीत होता. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म चर्मकार कुटुंबातला. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडण्याचे काम त्यांना मिळाले, पुढे पूना क्लबात चार रुपये. तिथे गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हात तयार झाला. ग्रेग नावाचे साहेब आपल्याला बाद केल्यास बाळूंना आठ आणे देत, असे सांगतात. पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांना हरवण्यासाठी बाळूंना संघात घेतले खरे. पण चहाच्या वेळी ते पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यातून चहा घेत. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

१९११ च्या दौऱ्यात हिंदी संघ २३ सामने खेळला; जिंकला अवघे ६, हरला १५. कर्णधार पतियाळाचे महाराज फारसे खेळलेच नाहीत. आणि बाळू? त्यांनी एकट्याने ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्या आत. केंब्रिज विद्यापीठाचे तर एका डावात आठ गडी टिपले. बेसबॉलची वही लावली असती, तर त्या पंधरा पराभवांतले बरेचसे याच माणसाच्या नावे पडले असते! क्रिकेटची वही या बाबतीत उदार. ती पराभव संघाच्या नावे मांडते. तिच्यात बाळूंची नोंद आहे ती अशी : प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

पण समाजाच्या वहीचे काय? १९०६ साली हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली उपकर्णधारपदापर्यंत गाडी आली, तीही भावांनी निषेध केल्यावर. १९२३ साली मात्र धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. पुढे बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत साक्षात डॉ. आंबेडकरांशी गाठ पडली आणि सुमारे दोन हजार मतांनी ते हरले. ज्या तरुण आंबेडकरांना बाळूंच्या पराक्रमाचा अभिमान वाटे, त्यांच्याकडूनच हा पराभव यावा, हाही दैवाचाच खेळ! १९५५ च्या जुलैत बाळू वारले.

वाचकहो, साय यंगच्या नावापुढचे पराभव निदान तो स्वतः मैदानात उतरून हरला होता. बाळूंच्या वाट्याचे सर्वांत मोठे पराभव मात्र नाणेफेकीआधीच, समितीच्या बंद खोलीत ठरत होते. पुण्यात सामना पाहायला जाल, तेव्हा मुलांना धावफलकाबरोबर ही गोष्टही सांगा. कोण हरले हे फलक सांगतो; कोणाला खेळूच दिले नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगायचे असते.