पाऊस एकच, रान मात्र वेगळं



"पाऊस दोघांच्या रानात सारखाच झाला. ओढ्याकाठची ज्वारी कणसानं वाकली, अन् आमची माळावरची पोटरीतच करपली. असं का?" माणदेशात हा प्रश्न नेहमीचाच. बियाण्याला बोल लावण्याआधी पायाखालची माती बघू या.

आपला पाऊस

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला जेमतेम पाचशे. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपल्याकडे नुसता वारा येतो. मृगात थोडं भिजतं, आषाढ-श्रावणात उघडीप पडते. खरा भरवसा उत्तरा-हस्ताच्या पावसाचा. म्हणून इथलं मुख्य पीक रब्बी ज्वारी. ती उगवते पावसावर, पण कणसात येते ती मातीत साठलेल्या ओलीवर.

आपली माती

खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि त्यावर माती. माळावर ती वीतभर, उतारावर हातभर आणि ओढ्याकाठी पुरुषभरसुद्धा. हजारो वर्षं वरची बारीक माती वाहून खाली साठत आली, त्याचा हा परिणाम. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असं सुमारे १५० ते २०० मिमी पाणी धरते. वीत-दीड वीत माळजमीन ३०-४० मिमीवरच भरते. एक घागर, दुसरा तांब्या. तांब्यात घागरीएवढं पाणी मावणार कसं?

ओढा काय सांगतो?

एका एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. ३० मिमीची सर आली, तर सव्वा लाख लिटरच्या आसपास. ते मुरलं नाही की ओढ्याला लागतं, मग माणगंगेतून भीमेला किंवा येरळेतून कृष्णेला जातं. ओढा गढूळ वाहून दोन दिवसांत आटला, तर वरच्या रानाची माती चालली असं समजा. निवळ पाणी दिवाळीपर्यंत झिरपत राहिलं, तर वर पाणी मुरलंय. विहिरीलाही त्याचाच आधार असतो.

मग करायचं काय?

१. पेरणीआधी रानात तीन-चार ठिकाणी टिकावानं मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या आणि मातीची खोली मोजा.

२. खोलीप्रमाणे वाण निवडा. ३० सेंमीपर्यंत फुले अनुराधा, ३० ते ६० सेंमीला फुले सुचित्रा, त्याहून खोल जमिनीत फुले वसुधा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. हलक्या रानात आधी उरका.

३. रब्बीसाठी मोकळ्या ठेवलेल्या रानात पावसाळ्यातच उताराला आडवे, लहान लहान वाफे बांधा. पडेल ते पाणी जागच्या जागी मुरू द्या. नांगरट आणि पेरणीही उताराला आडवीच.

४. पिकाला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी द्या. शेवटची दातेरी कोळप्यानं. त्यानं भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही.

५. अगदी बरड माळावर ज्वारीचा हट्ट नको. तिथं गवत, बोर, सीताफळ बरं. वरचा माळ झाकला, तर खालचं रान आणि विहीर दोन्ही सुधारतात.

एक गोष्ट मात्र एकट्यानं होत नाही. वरच्यानं बांध फोडला, तर खालच्याचं रान धुपतं. तेव्हा माथ्यापासून ओढ्यापर्यंतच्या सगळ्या खातेदारांनी उन्हाळ्यातच एकत्र बसावं आणि कामाला वरून सुरुवात करावी.

पाऊस वाढवणं आपल्या हाती नाही. पडलेला थांबवणं आहे. खड्डा घेऊन बघा, मंडळी!